खेकड्याचा नेम

क्लबच्या निवड-चाचणीत आत्या पहिली आली.

हे वाक्य आता विसरून जा. तसं काही घडलेलंच नाही, असं क्लबच्या कमिटीचं म्हणणं आहे, आणि कमिटी एकदा म्हणाली की म्हणाली. गेल्या पावसाळ्यात छप्पर गळत नाही असा ठराव करून ती त्याच छपराखाली छत्र्या उघडून बसली होती. तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरू आणि मुळापासून सुरुवात करू.

आत्याचा धंदा कुलूप-किल्लीचा. नात्याने ती एकाच भाच्याची आत्या, पण क्लबमध्ये ज्याच्या हातात पिस्तूल त्या प्रत्येकाची ती आत्याच. तिचं पिस्तूल पॉइंट टू-टूचं, टार्गेटसाठीचं. काडतूस बारीक, धक्का इतका नाजूक की शिंक आली तर हात तिनेच जास्त हलावा. नेम धरायला मागे एक खाच आणि नळीच्या टोकाला माशी. खाचेत माशी बसवायची, माशीवर टार्गेट बसवायचं आणि तिन्हीकडे एका डोळ्याने एकदम बघायचं. तरुण डोळा ही कसरत फुकट करतो. उतारवयातला डोळा म्हणतो, तिघांपैकी कोणीतरी एक निवडा. यंदा आत्याच्या डोळ्याने टार्गेट निवडलं आणि माशी धुक्यात गेली.

ही बातमी सेक्रेटरीला आत्याच्या आधी कळली.

“आत्या, तुम्ही आता दमलात,” तो म्हणाला. “कमिटीने तुमच्यासाठी खुर्ची करून घेतलीय. सन्माननीय मार्गदर्शक. पाठीवर तसं लिहिणार आहोत.”

“खुर्चीच्या की माझ्या?”

“संघातल्या तुमच्या जागेवर आमचा साडू उभा राहील. तरुण रक्त.”

“तुमचा साडू माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.”

“पण त्याला माशी दिसते ना!”

“दिसणारच. दिवसभर दुसरं मारतो काय तो?”

सेक्रेटरीने खुर्ची पुढे सरकवली. गादी लाल, हातांना नक्षी, बसलं की माणूस उठायचं विसरेल अशी. आत्याने तिच्यावर आपली ओली छत्री ठेवली.

“चाचणी रविवारी आहे ना? मी रेड डॉट लावून येते. नियमात बसतं. जिंकले तर जागा माझी. हरले तर तुमच्या खुर्चीत बसेन आणि जन्मभर मार्गदर्शन करीन. तेही तुम्हालाच.”

सेक्रेटरी दचकला, पण शब्द देऊन बसला.

रेड डॉट ही साइट, म्हणजे नेम धरायला पिस्तुलावर बसवायची छोटी काच. तिच्यात एक लाल ठिपका तरंगतो. तो टार्गेटवर ठेवायचा की झालं. खाच नाही, माशी नाही. शुक्रवारी संध्याकाळी आत्या नवऱ्याला घेऊन नेमबाजीच्या सामानाच्या दुकानात गेली. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. वर-खाली सोडून जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याला ठाम मत नव्हतं, म्हणून साक्षीदार म्हणून तो उत्तम.

दुकानदाराने पहिली साइट काढली, नळीसारखी, लांबडी. आत्याने डोळा लावला आणि लगेच काढला.

“ही फुटकी आहे. आत खेकडा आहे.”

“खेकडा?”

“लाल. पाय पसरून बसलाय.”

दुकानदाराने बघितलं. “ताई, गोल ठिपका आहे.”

दुसरी साइट उघड्या काचेची, मोठ्या ठिपक्याची. आत्या म्हणाली, “ह्यात त्याचा थोरला भाऊ आहे.” तिसरी बारीक ठिपक्याची. “हे त्यांचं पिल्लू.”

“अहो, तुम्ही बघा,” आत्याने नवऱ्याला पुढे केलं.

नवऱ्याने बराच वेळ बघितलं. “गोल आहे गं. पण तुला वाईट वाटत असेल तर मी खेकडा म्हणतो.”

दुकानदाराने मोबाईल काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका असा गोल, जणू शाळेतून पहिला नंबर काढून आला होता. दुकानदार गालात हसला. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

अडलेल्या कुलपाशी आत्या कधी वाद घालत नसे. आधी हे ठरवायचं, की अडलंय काय, कुलूप की किल्ली. तिने साइट हातात उलटी धरली, खालची बाजू वर. खेकडा जागचा हलला नाही. मग साइट सरळ धरली आणि स्वतःची मान तिरकी केली.

खेकडाही तिरका झाला.

तिने मान दुसरीकडे वळवली. तोही वळला, इमानी कुत्र्यासारखा.

“अरेच्चा,” आत्या म्हणाली. “हा तुमच्या दुकानातला नाही. माझ्याबरोबरच आलाय.”

“डोळ्याचा आकार थोडा वाकडा असला की ठिपका असा फाटतो,” दुकानदार आता नरमला होता. “पुष्कळांना होतं. नंबर काढून चष्मा करून घ्या, जाईल.”

“किती दिवसांत?”

“आठवडा तरी.”

“चाचणी परवा आहे.”

“मग ह्या वेळी राहू द्या की, ताई.”

नवऱ्याला हे वाक्य ऐकून बायकोचा चेहरा बघावा लागला नाही. तो दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, लिफ्टचं दार उघडताना सरकायचा तसा.

“अंगण वाकडं आहे, हे तर आता ठरलं,” आत्या म्हणाली. “पण अंगण माझं आहे. मी त्यातच नाचणार. तिसरी साइट आणा. हिचा उजेड कमी होतो का?”

होत होता. आत्या बटण दाबत गेली तसतसा खेकडा आकसत गेला. एकेक पाय पोटाशी घेतला. शेवटी उरलं एवढंसं अंग आणि उजवीकडे वर उगारलेली एक नांगी. उजेड आणखी कमी केला तर सगळाच गेला. वाढवला तर सगळं खानदान परत. मधल्या पायरीवर नांगी मात्र टोकदार, ठाम, सुईसारखी.

“त्या बिचाऱ्याला तेवढी तरी राहू दे,” नवरा म्हणाला.

“राहू दे काय? कामाला लावते तिला.”

आत्याने साइटचा बारीक स्क्रू फिरवला, कान लावून. टिक्. टिक्. प्रत्येक टिक्‌ला नेम केसभर सरकतो. पहिल्या साइटचा स्क्रू फिरताना कुरकुरत होता, दुसरीचा गुपचूप फिरत होता. हिचा चांगल्या कुलपासारखा बोलत होता. “हीच द्या. हलकी आहे, पिल्लूही शहाणं आहे.”

शनिवारी ती क्लबच्या रेंजवर गेली आणि बाकी जग ठिपका टार्गेटवर बसवतं तसं न करता नांगीचं टोक टार्गेटच्या मधोमध टेकवलं. गोळी भलतीकडे गेली. टिक् टिक्. पुन्हा नांगी, पुन्हा गोळी, पुन्हा टिक् टिक्. मान अगदी ताठ. तिरकी झाली की नांगीही ढळायची. संध्याकाळपर्यंत नांगी दाखवेल तिथे गोळी जाऊ लागली.

रविवारी जे झालं ते झालेलं नाही, हे आपण ठरवलंय. तेव्हा एवढंच सांगतो, की साडूचं टार्गेट चाळणीसारखं दिसत होतं आणि आत्याच्या टार्गेटला मधोमध साऱ्या गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, जरा ढगळ.

“बघू ते पिस्तूल,” सेक्रेटरी म्हणाला. त्याने रेंज मोकळी केली, पिस्तूल भरलं आणि ठिपका टार्गेटच्या मधोमध धरला. त्याचे डोळे उत्तम, त्याला तो गोलच दिसला. साऱ्या गोळ्या उजवीकडे वर लागल्या, चार बोटं लांब.

“साइट चुकीची लावलीय!” सेक्रेटरी ओरडला.

“तुमच्यासाठी,” आत्या म्हणाली. “ठिपक्याने नाही, नांगीने नेम धरायचा.”

“कसली नांगी?”

“खेकड्याची.”

“कुठला खेकडा?”

“माझ्या डोळ्यातला.”

कमिटी तिथल्या तिथे बसली. निर्णय असा: नियमात रेड डॉट आहे, खेकडा नाही. शिवाय बिघडलेल्या साइटने लागलेला नेम हा अपघात, आणि अपघाताला गुण नसतात. खेकडा असल्याचा पुरावा मिळेपर्यंत चाचणी झालीच नाही. खुर्ची पुसून ठेवली आहे.

आत्या घरी आली ती गाणं गुणगुणत. नवऱ्याने विचारलं, “चष्म्याचा नंबर काढायला जायचं ना?”

“पुरावा कोण घालवतं, अहो?”

सोमवारी सकाळी आपलं कुलपांचं दुकान उघडण्याआधी ती रेंजवर नेहमीच्या जागेवर पिस्तूल घेऊन उभी होती. सेक्रेटरी आला तेव्हा खुर्चीवर पुन्हा ओली छत्री होती आणि छत्रीखाली अर्ज:

“मा. कमिटीस, सविनय सादर. सदर खेकडा अर्जदाराच्या उजव्या डोळ्यात कायम वास्तव्यास असून चाचणीच्या वेळी स्वतः हजर होता. तरी मा. कमिटीने आपल्यातील एक सक्षम सदस्य नेमून त्यास स्थळपाहणीसाठी अर्जदाराच्या उजव्या डोळ्यात पाठवावे व त्याच्या अहवालावरून अर्जदाराची संघातील जागा कायम करावी. सदर सदस्याने आत येताना चपला बाहेर काढाव्यात, ही नम्र विनंती.”