मानाची जागा

"असा बांध की माझा मला सोडवता आला नाही पाहिजे," बाबा म्हणाले.

मी त्यांचा उजवा हात जुन्या चादरीच्या पट्टीने कमरेशी बांधत होते. उजव्या गुडघ्याला त्यांनी दोन लाकडी पट्ट्या आधीच आवळून घेतल्या होत्या, पाय वाकू नये म्हणून. भर दुपारी, घरासमोरच्या फरशीवर, सगळी गल्ली बघत असताना हा प्रकार चालला होता. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून मान वर काढली.

"अगं बाई! पडले की काय हे?"

"नाही हो काकू, गाडीत बसतायत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घेतली. घरात कोणाचं डोकं फिरलंय हे त्यांना नीट ठरवता आलं नसावं.

बाबा लंगडत गाडीच्या मागच्या दाराशी गेले. डाव्या हाताने चौकट धरली, पाठ आत वळवली आणि स्वतःला सोडून दिलं. 'टण्ण' असा आवाज आला. खिडकीत खुर्ची लावून बसलेली आई अर्ध्या तोंडाने हसली. आजारपणानंतर तिचं हसूही एकाच बाजूला यायचं, पण त्यातला खट्याळपणा दोन्ही बाजूंचा होता.

"डोकं... आधी," ती म्हणाली, "मग... पाय."

"दोन बोटं कमी पडतायत," बाबा म्हणाले. त्यांना कपाळ चोळायचं होतं, पण चोळणारा हात बांधलेला होता.

बाबा जन्मभर ड्रायव्हर. एकाच साहेबांकडे, आणि शेवटची बरीच वर्षं एकाच गाडीवर. लांबलचक काळी सेडान, आत चामड्याच्या सीटा, पुढे लाकडाची चकचकीत पट्टी, आणि दार असं लागायचं की कोणी कानात काहीतरी सांगून गेल्यासारखं वाटावं. साहेब गेले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि ही बाबांना देऊन टाकली. गाडी दारात आली तेव्हा आई म्हणाली होती, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." गाडी आत घ्यायची म्हणून फाटकाचं एक दार काढावं लागलं, तरी तिचं नाक रस्त्यावर डोकावायचंच. रंगाने काळी असली तरी हत्ती पांढराच, असं मी म्हणायचे. आईने तर तिचं नाव 'सवत' ठेवलं. "जेवायला या, नाहीतर सवतीला घेऊन बसा तिथंच."

सुरुवातीला ती नुसती हौस होती. बाबा गाडी पुसत, दिवे बदलत, जुन्या रेडिओच्या जागी नवा बसवत आणि तो बरा वाजत नाही म्हणून परत जुनाच लावत. मग एका सकाळी आई चहाचा कप उचलायला गेली आणि कप काही उचलला गेला नाही. उजवी बाजू गेली. वाचाही गेली होती, ती थोडी परत आली. एकेक शब्द चिमटीत धरून बाहेर काढावा तशी.

बाबांच्या गाडीच्या खोल सीटवर तिला बसवता येईना, म्हणून हॉस्पिटलमधून घरी आणताना टॅक्सी केली. टॅक्सीवाला, बाबा आणि मी, अशा तिघांनी तिला उचलून गाडीत घातली आणि उचलून बाहेर काढली. तिची चप्पल रस्त्यात पडली. गाऊन वर सरकला, तो तिला एका हाताने खाली ओढता येईना. घरात आल्यावर ती म्हणाली, "परत... कुठं नाही. मी... सामान नाही."

आणि खरंच ती परत घराबाहेर पडली नाही. डॉक्टर घरी यायचे. गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशी राहायची, आईची एकुलती एक बहीण. मावशीचे गुडघे गेलेले, ती इकडे येऊ शकत नव्हती. फोनवर बोलावं तर मावशीला कमी ऐकू येतं आणि आईचा आवाज एवढासा झालेला. फोनची दोन्ही टोकं नुसती "हॅलो, हॅलो" करायची. शेवटी आईने फोन घेणंच सोडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आहे तेही हळूहळू कमी होत जाणार. बाबांना मी ते सांगितलं, तसे ते उठून बाहेर गेले आणि गाडीचं मागचं दार उघडून त्याच्याकडे बघत उभे राहिले.

आईने स्वतःच्या पायाने गाडीत बसावं, कोणी हात न लावता, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते हातपाय बांधून घेत.

काम कासवाच्या चालीने चाललं. बाबांना गाडी चालवता येत होती, खोलून जोडता येत नव्हती. दार पूर्ण उघडावं म्हणून बिजागरी बदलली, तर दार लागेना. सीट उंच केली, तर डोकं छताला लागे. मग छताचं अस्तर काढून आतला फोम कमी केला. कोपऱ्यावरचा न्हावी जुनी खुर्ची भंगारात काढत होता, तिची फिरती बैठक बाबा डोक्यावरून घेऊन आले. मागची अखंड सीट कापून काढली आणि दाराच्या बाजूला ती बैठक बसवली, म्हणजे खुर्ची दाराकडे वळवायची, बसायचं आणि आत फिरायचं. वेल्डिंगवाला म्हणाला, "काका, अशी गाडी लोक देव्हाऱ्यात ठेवतात, तुम्ही करवत घातलीत?" बाबा म्हणाले, "तू वेल्डिंगचा डाग मार."

माझा पडदे शिवायचा व्यवसाय. साहजिकच खुर्चीचं कव्हर माझ्या गळ्यात पडलं. चामड्याने मशीनच्या सुया मोडल्या आणि मी वैतागले. तर बाबा म्हणतात, "शिवण आतल्या बाजूला घे. तिच्या पाठीला टोचेल." मी निमूटपणे सगळं उसवलं.

शेवटी तो रविवार उजाडला. मावशीकडे निरोप गेला होता. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, साहेबांकडे जाताना घालायचे तसा. आई काठी टेकत दाराशी आली, फिरत्या खुर्चीवर टेकली, डाव्या हाताने कड धरून आत वळली. कोणीही हात लावला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. बाबांनी दोन्ही हातांनी हलकेच दार लावलं. खुर्ची फिरायला जागा लागायची, त्यामुळे मागे दुसऱ्या कोणाला बसता येत नव्हतं. मी पुढे बाबांच्या शेजारी बसले.

गाडी निघाली. बाबा रस्त्याकडे बघत होते, ताठ, गप्प, खड्डा आला की पाण्याने भरलेला पेला न्यावा तशी हळूच गाडी काढत. मी मात्र आनंदाने नुसती बडबडत सुटले होते. मोठ्या चौकातलं वळण घेतलं आणि थोड्या वेळाने मागून टकटक ऐकू आली. आई बोटाच्या पेराने काच वाजवत होती. किती वेळ वाजवत होती कोण जाणे.

बाबांनी गाडी कडेला घेतली. वळणावर आईचा उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबत होता. तिने हाक मारली असणार, आम्हाला ती ऐकूच आली नव्हती. मी उतरून तिचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"घरी चला," आई म्हणाली.

"अगं, मावशी वाट बघत असेल."

"घरी."

घरी आल्यावर बाबा नेहमीच्या सवयीने चटकन उतरले, वळसा घालून गेले, दार उघडलं आणि एक हात चौकटीवर धरून उभे राहिले. आई उतरेना.

"मी... साहेब आहे का?"

"म्हणजे?"

"मागं... बसवलंत. टक्कल... दिसत होतं. नुसतं."

बाबा गोंधळले. "अगं, ती मानाची जागा आहे! साहेब तिथंच बसायचे. पुढं कोण बसतं? शिपाई बसतो. नाहीतर सामान."

"मान... नको." आईला धाप लागली. ती थांबली, तिने पुन्हा शब्द गोळा केले. "लग्न झाल्यापासून... गाडी चालवता. कधी... शेजारी... बसले का?"

आणि खरंच बसली नव्हती. गाडी साहेबांची होती. आपली झाली तेव्हा वेळ ती पुसण्यात गेला आणि मग आजारपण आलं.

"मग आधी का नाही बोललीस? वर्षभर बघत होतीस की खिडकीतून!"

"तुमची हौस... म्हटलं... चालवून घेऊ. नाही... चालत." मग तिने चांगल्या हाताने बाबांचा शर्ट धरला. "हातपाय... बांधून बघितलंत. विचारून... नाही बघितलं."

बाबा तिथेच फरशीवर बसले, पांढऱ्या शर्टासकट. मला आईचा भयंकर राग आला. एवढं केलं माणसाने! पण तिचा हात शर्टावरून त्यांच्या डोक्यावर गेला होता, त्याच टकलावर, आणि बाबा लहान पोरासारखे मान खाली घालून बसले होते. मी घरात निघून गेले आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तर बाबा मागच्या खुर्चीचे नट सोडवत होते.

"बाबा, जरा दम तरी खा."

"खाऊ कसा? तिचे शब्द बघ किती उरलेत," ते म्हणाले. एवढंच, आणि पुन्हा पाना फिरवायला लागले.

या वेळी आईची खुर्ची खिडकीत नव्हती, गाडीशेजारी होती. बाबा दर वेळी विचारायचे. उंची एवढी? पाय इथं? आई मान हलवायची, नाहीतर चांगल्या हाताची दोन बोटं दाखवायची, म्हणजे दोन बोटं खाली. मालकीण व्हायला नको म्हणाली आणि मुकादम झाली, असं मी काकूंना भिंतीवरून सांगितलं. चालकाशेजारी खुर्ची बसवायला जागा कमी होती. समोरचा कप्पा काढावा लागला, लाकडाची ती सुंदर पट्टी अर्ध्यावर कापावी लागली. पट्टी कापताना बाबांचा हात थांबला. आईने विचारलं, "दुखतं?" बाबा म्हणाले, "थोडं," आणि करवत चालवली.

एक गोष्ट मात्र आईने आपणहून मागितली.

"दार... मी उघडणार."

"तू कशाला? मी आहे ना."

"मी."

बाबांना ते पटेना. दार उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "मग मी काय करू तोवर?"

"बसून राहा," आई म्हणाली.

मी जाडसर पडद्याच्या कापडाचा एक पट्टा शिवून दिला. बाबांनी तो दाराच्या कडीला बांधला, आईच्या डाव्या हाताला सापडेल असा. ती अंगणात बसल्या बसल्या तो ओढायचा सराव करायची. दार उघडलं की तिचं अर्धं तोंड हसायचं.

दुसऱ्या खेपेला मी मागे बसले. साहेबांच्या मानाच्या जागी आता उघडा पत्रा होता, त्यावर उशी टाकून. प्रत्येक खड्डा मला वेगळा कळत होता. पुढे आईचं काहीतरी चाललं होतं. तिचा आवाज मागे येत नव्हता, पण बाबा मान तिच्याकडे कलती करून "हो?", "कधी?", "मला नाही आठवत" म्हणत होते. एवढं बोलणारा ड्रायव्हर साहेबांनी ठेवला नसता. मोठ्या चौकातलं वळण आलं आणि आईचा उजवा हात घसरला. बाबांनी रस्त्यावरची नजर न हलवता तो उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि पुढचा गियर टाकेपर्यंत आपला हात त्यावर तसाच राहू दिला.

मावशी तिच्या दारात काठी घेऊन उभीच होती. गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि बाबांचा हात सवयीने स्वतःच्या दाराकडे गेला.

"अं," आई म्हणाली.

बाबांनी हात परत स्टीअरिंगच्या चाकावर ठेवला. आईने पट्टा शोधला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा धरला. दार उघडलं. खुर्ची कुरकुरत बाहेर वळली, डावा पाय खाली आला, मग काठी, मग तो दुसरा पाय. मागे एक टेम्पो थांबून हॉर्न वाजवत होता. बाबा समोर बघत ताठ बसून राहिले, दोन्ही हात चाकावर. त्यांचे ओठ मला आरशात दिसत होते, घट्ट मिटलेले. आई उभी राहिली. मावशी काठी टाकून पुढे आली आणि दोघी बहिणी कितीतरी वेळ एकमेकींना धरून होत्या. बोलणं काहीच झालं नाही, त्यामुळे कोणाला ऐकू न येण्याचा प्रश्नच आला नाही.

पुढे जवळजवळ दर रविवारी त्या भेटल्या. आईचे शब्द संपत आले, ते मावशीला आधीही ऐकू येत नव्हते. मग एका थंडीत आई गेली.

गाडी अजून आहे. वेल्डिंगवाला म्हणाला, काका, आता पहिल्यासारखी करून घ्या, कापलेली पट्टी मिळवून देतो. बाबा म्हणाले, बघू. ती बघण्याची वेळ काही आलेली नाही.

सामान आणायला आम्ही दोघं जातो तेव्हा मी पुढे बसते, त्या खुर्चीवर. शिवण आतल्या बाजूला आहे, टोचत नाही. घरी आलो की बाबा गाडी बंद करतात, पण उतरत नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसतात. पट्टा सापडायला, खुर्ची वळायला आणि पाय जमिनीला लागायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ. मीही दार उघडायची घाई करत नाही, पिशव्या मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसून राहते.