टिचकीचा आत्मा

"बोलली! विहीर बोलली!"

शंभरेक माणसं धपाधप गुडघ्यांवर आली. ओसाड बेटावरच्या त्या विहिरीतून हूऽऽऽ असा लांबलचक हुंकार उठला आणि तिच्या तोंडावर अंथरलेली पांढरी चादर टम्म फुगली. विहीरबाबाने दोन्ही हात आकाशाकडे नेले, डोळे पांढरे केले आणि एका डोळ्याने हळूच गर्दी मोजली.

उभी राहिली फक्त सिस्टर. एक तर भक्ती नव्हती आणि दुसरं म्हणजे गुडघे वाकत नव्हते. छत्तीस वर्षं दवाखान्यात सुया टोचून ती निवृत्त झाली होती. इथे ती आली होती शेजारच्या शिंपीणवहिनीसाठी. वहिनीला मधुमेह. रोजचं इन्सुलिन तिने दहा दिवसांपूर्वी बंद केलं, कारण विहिरीने तसं सांगितलं. आता तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडू लागली होती. सकाळी सिस्टर तिला रागावली, तर वहिनी म्हणाली, "तुमचं सगळं पुस्तकातलं हो. तिथे मेलेली माणसं बोलतात!"

"मग मीही येते," सिस्टर म्हणाली. "त्यातले बरेच ओळखीचे निघतील."

वहिनीला वाटलं, बाई चेष्टा करताहेत.

बाबाने आता बेटाचा इतिहास सांगायला घेतला. "बालकांनो, इथे अकरा घरं नांदत होती. पण ती माजली! विहिरीचा शब्द मोडला! एक प्रचंड लाट आली आणि एकजात सगळे गडप! ती घरं बघा. एकालाही दार नाही. कोपाने दारं उखडली!"

गर्दी शहारली.

"उखडली नाहीत, काढून नेली," मागून सिस्टरचा आवाज आला. "चांगल्या लाकडाची होती. त्यातलं एक आमच्या न्हाणीघराला आहे. पावसात फुगतं, बाकी तक्रार नाही."

दोघे-तिघे खुदकन हसले. बाबाने तिकडे दुर्लक्ष केलं. बाबा लोकांना ते जन्मजात जमतं.

"आज एका निष्पाप बालिकेचा आत्मा येतोय," त्याने आवाज बारीक केला. "होडीवाल्याची धाकटी लेक. लाडाचं नाव टिचकी. नऊ वर्षांची असताना बुडाली बिचारी! टिचकी बाळ, आलीस का?"

हूऽऽऽ!

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सिस्टरने मात्र आ वासला. बेटावरच्या शाळेच्या पडक्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने कोरलेली टोपणनावं बाबाने पाठ केलेली दिसत होती, बाकी कहाणी मनची. टिचकी हे नाव तिथे तिनेच कोरलं होतं, आणि त्यासाठी मास्तरांच्या दोन छड्याही खाल्ल्या होत्या.

स्वतःच्या आत्म्याला भेटायची संधी कोण सोडेल? ती गर्दीतून वाट काढत थेट विहिरीपाशी गेली.

"बाबा, टिचकीला मी चार प्रश्न विचारू?"

"विचार माते! एक लांब हुंकार म्हणजे होकार. मौन म्हणजे नकार."

"पक्कं ना? मागाहून बदलायचं नाही."

"आत्मा शब्द बदलत नाही!"

सिस्टर काठावर टेकली. चादरीचं टोक उचलून तिने उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. "टिचकी, तू बुडून मेलीस का गं?"

चिडीचूप. फुगलेली चादर मलूल होऊन खाली बसली. बाबाच्या कपाळावर घाम आला.

"वहिनीने इन्सुलिन घ्यावं का?"

हूऽऽऽऽऽ!

"आजपासूनच?"

हूऽऽऽऽऽ!

"आणि हे बाबा खरं बोलतात का?"

पुन्हा चिडीचूप.

"अपवित्र स्पर्श! हात काढ!" बाबा किंचाळला.

"काढते की." सिस्टरने हात बाहेर काढला. मुठीत तिची कापडी पिशवी चोळामोळा झाली होती. "या, सगळे बघा. इथे दगडात फट आहे. फटीखाली समुद्राची गुहा. भरतीला गुहेचं तोंड पाण्याखाली जातं. मग लाट आत घुसली की कोंडलेली हवा इथून सुटते आणि शीळ घालते. ओहोटीला तोंड उघडं पडतं, हवा तिकडूनच जाते, विहीर मुकी. आम्ही रोज रात्री फटीत पोतं कोंबायचो, नाहीतर झोप लागायची नाही."

"म्हणजे तुम्ही..." वहिनी पुटपुटली.

"मीच टिचकी. बुडाले नाही हो, बेट सोडताना होडीत उलटी झाली फक्त. विहीर खारट झाली, प्यायला पाणी उरलं नाही, म्हणून एका उन्हाळ्यात अकराही घरं बोचकी, शेळ्या आणि दारं घेऊन किनाऱ्यावर आली. एकही माणूस मेला नाही."

"तरीच!" लोकांना घेऊन आलेला नावाडी ओरडला. "बाबा मला रोज भरतीची वेळ विचारायचे. मी म्हटलं, केवढी माझ्या होडीची काळजी!"

हशा उसळला. लोक फटीत हात घालून आळीपाळीने आत्म्याला गप्प करू लागले. त्या गडबडीत बाबा होडीत सगळ्यांत आधी जाऊन बसला होता, डोळे मिटून.

वहिनी मात्र हसली नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "सिस्टर, आता तुम्ही सांगाल तसं."

"अजिबात नाही!" सिस्टर एकदम तडकली. "काल विहिरीचं ऐकलंस, आज माझं ऐकशील, उद्या आणखी कुणाचं. दवाखान्यात चल. रक्तातली साखर तपास, आकडा स्वतः वाच. सुई घेतल्यावर पुन्हा तपास. आकडा उतरला तरच औषधावर विश्वास ठेव."

मग ती गर्दीकडे वळली. "तुम्हालाही एवढंच सांगते. चमत्कार दिसला तर खुशाल नवल करा, पण गुडघे टेकण्याआधी एकदा विचारा, हे होतं कसं? जो उत्तर द्यायच्या आधी हात काढ म्हणून ओरडतो, त्याच्या हाती आपला जीव द्यायचा नाही."

वहिनीचा अंगठा वाचला, नख गेलं. दवाखान्यात पहिल्या दिवशीचा आकडा तिने स्वतः वाचला, दोनदा वाचला आणि मग सुईसाठी दंडावरची बाही वर सारली.