खोटं लिहून दिल्यास

पेन्शन कचेरीत विधवांच्या खिडकीवर मी एकोणीस वर्षं बसते आहे. दरवर्षी प्रत्येकीने ‘मी पुनर्विवाह केलेला नाही’ असं लिहून द्यायचं आणि त्याआधी मी शिक्षेचं कलम वाचून दाखवायचं, असा नियम. बाकीचे कारकून पुटपुटतात. मी खणखणीत वाचते. खोटं लिहून दिल्यास पेन्शन बंद, घेतलेला पैसा व्याजासकट वसूल, वर दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. ‘कैद’ म्हणताना मी चष्म्यावरून बघते. भल्याभल्यांचं पेन थरथरतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

त्या दिवशी रांगेत माझ्या सासूबाई होत्या. सासरे सरकारी नळखात्यात फिटर होते. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाई दरवर्षी येतात, कलम ऐकताना जांभई देतात आणि सही ठोकून भाजी आणायला जातात. घरी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण खिडकीवर मी कुणाची सून नाही. त्यांनाही पूर्ण कलम ऐकवलं.

या वेळी जांभई आली नाही.

“कैद दोघांना की मला एकटीलाच?” त्यांनी विचारलं.

“कोण दोघं?”

“आपल्या खालचे घड्याळवाले. मागच्या गुरुवारी लग्नाची नोंदणी केली आम्ही. डोळ्यांचं औषध आणायला जाते म्हणून सांगितलं नव्हतं का तुला? तेव्हा.”

सासूबाईंचं वय सदुसष्ट. घड्याळवाले त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान!

आणि मग इतक्या वर्षांत जे तोंडातून कधी निघालं नव्हतं, ते निघालं. खिडकीत डोकं घालून मी कुजबुजले, “आई, सही करून टाका. आठच दिवस तर झालेत. कुणाला कळतंय?”

“तूच वाचलंस ना आत्ता?”

“ते लोकांसाठी असतं! पेन्शन गेली तर काय करणार? घड्याळवाले दिवसाला जेमतेम दोन घड्याळांचे सेल बदलतात. उद्या औषधपाण्यासाठी मुलापुढे हात पसराल?”

हे मात्र त्यांना लागलं. पोटच्या पोराकडेही त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, टोक कागदावर टेकवलं. मी शिक्काही उचलून धरला. गुन्ह्यात सामील व्हायची केवढी ती घाई!

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“लपवायचंच होतं तर लग्न कशाला केलं असतं? तसंच चोरून चहा पीत बसलो असतो की. बारा वर्षं या कागदावर मी खरं लिहिलं. आता खरं बदललंय, तर तेही लिही. आणि मोठ्याने वाच. आवाज चांगला आहे तुझा.”

रागाने की कशाने, माझे डोळे भरून आले. ‘पुनर्विवाह झाला आहे, पेन्शन बंद करावी,’ असं लिहिलं आणि वाचलंही. खणखणीत काही जमलं नाही.

“घरी ह्यांना कोण सांगणार?” मी विचारलं.

“तू. लोकांना घाबरवायची सवय आहे तुला.”

कागदावर नव्या नवऱ्याची सही लागत होती. “बाहेर बसलेत,” सासूबाई म्हणाल्या. मी दारापर्यंत गेले आणि अडले. आता ‘अहो घड्याळवाले’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

“बाबा, आत या,” मी हाक मारली.

बाकावरचे तिन्ही म्हातारे उठले.

“मधले,” मागून सासूबाई म्हणाल्या. वळून बघते तर चक्क लाजल्या होत्या.