सोऱ्यातून उतरलेला निळा रंग

मित्रांनो, तुमच्या घरी दिवाळीत चकल्या पाडायला जो सोऱ्या माळ्यावरून खाली येतो, त्याच्याच जातीचा मी. अंगाने पितळी, वयाने जुना, एक कान थोडा वाकलेला. पण मी चकल्यांपेक्षा जास्त शेवाळ पाडले आहे, आणि त्या शेवाळामुळे एकदा माझ्यावर आळही आला होता. ती हकिकत सांगतो.

तमिळनाडूत, कोविलपट्टी गावाच्या पलीकडे, काळ्या मातीच्या मुलखात माझे आयुष्य गेले. सोर्णमच्या आईने लेकीच्या लग्नात मला तिच्यासोबत सासरी पाठवले. सोर्णमच्या मुरुक्कूसाठी, म्हणजे तुमच्या चकलीसाठी, तिच्या चहाच्या टपरीवर बसचे चालकसुद्धा गाडी थांबवत. मग नवा रस्ता गावाबाहेरून गेला, टपरी उठली आणि सोर्णम काडेपेटीच्या कारखान्यात जाऊ लागली. मी फळीवर गेलो. माझ्या पोटात कोळ्याने घर केले.

कारखान्यात तिच्या शेजारी इरुळायी बसायची. तोंडाने फटकळ, हाताने चलाख. एका दुपारी काड्यांच्या ढिगाने पेट घेतला आणि तिचा डावा तळवा भाजून कायमचा आखडला. त्यानंतर दोघी परत गेल्या नाहीत. कारखान्यातल्या, गावच्याच आणखी तिघींना त्यांनी गोळा केले, पंचायतीची नारळांमागची पडीक जागा मागून घेतली आणि तिथे सिमेंटचे चार हौद बांधून सुरुळपासी वाढवायला सुरुवात केली. सुरुळपासी म्हणजे पाण्यात वाढणारे बारीक हिरवे शेवाळ. औषधाच्या दुकानात ते स्पिरुलिना या नावाने मिळते. गावाने पोटभर हसून घेतले. तळ्याला शेवाळ आले तर आपण घासून काढतो, आणि या बाया ते पाळतात, असे लोक म्हणत.

सकाळी हौदातले पाणी कापडातून गाळायचे, वर राहिलेला हिरवा गोळा दगडाखाली दाबून निथळायचा, आणि त्याच्या बारीक शेवया पाडून जाळीवर उन्हात वाळवायच्या. शेवया पाडायला काय वापरायचे हा प्रश्न आला तेव्हा सोर्णमने मला फळीवरून उतरवले. खरे सांगतो, मला ते मुळीच आवडले नाही. कुठे तिळाचा, जिऱ्याचा वास आणि कुठे हा डबक्याचा. पण सोर्णमने दट्ट्या दाबला, हिरव्या शेवया सरसर उतरल्या, आणि पाचही जणी टाळ्या वाजवून हसल्या. त्या हसण्यासाठी मी तो वास सोसला. तीन वर्षे मी रोज राबलो. औषधाच्या गोळ्या करणारा एक व्यापारी त्यांचा सगळा माल नेत असे.

चौथ्या वर्षी, पोंगलचा सण झाल्यावर, त्या व्यापाऱ्याने माल घेणे थांबवले. त्याला दुसरीकडून यंत्रावर वाळवलेली पूड मिळू लागली होती. पंचायतीने सांगितले की पंगुनीच्या, म्हणजे फाल्गुन-चैत्रातल्या जत्रेपर्यंत हौद चालले तर ठीक, नाहीतर जागा मोकळी करून द्यावी. बाकीच्या तिघी कारखान्यात परत जायचे बोलू लागल्या. इरुळायी मात्र नुसती आपल्या तळव्याकडे बघत बसायची.

त्याच दिवसांत मला धुवायची पाळी तिची होती. तिचे कशात लक्ष नव्हते. दोन दिवस मी तसाच पडून राहिलो आणि शेवाळ माझ्या पोटात वाळून कडक झाले. सोर्णमने पाहिले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि मला पाण्याच्या बादलीत भिजत घातले. सकाळी ती आली तेव्हा बादलीतले पाणी निळे झाले होते. हिरवे नव्हे, चक्क निळे, गोकर्णीच्या फुलासारखे. ऊन पडले की त्याच्या कडेला लालसर झाक दिसे.

इरुळायी धावत आली आणि तिने सरळ माझ्यावर बोट ठेवले.

"पितळ कळकलंय, अक्का. विष आहे ते, ओतून दे. आणि हा सोऱ्या दे मोडीत."

मित्रांनो, ज्या घरात उभा जन्म राबलो, तिथे माझ्या अंगात विष आहे असे ऐकणे सोपे नसते. पण सोर्णमने पाणी ओतले नाही. तिने वाळलेल्या शेवयांची एक मूठ स्टीलच्या पातेल्यात साध्या पाण्यात भिजवली आणि मला मुद्दाम दूर, चौथऱ्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी पातेल्यातले पाणीही तसेच निळे होते.

"बघ," सोर्णम म्हणाली, "रंग शेवाळातच आहे. तीन वर्षं आपण हिरवं हिरवं करत बसलो आणि हा आत लपून होता."

"असेल," इरुळायी म्हणाली. "पण निळ्या पाण्याचं करायचं काय? कपड्यांना नीळ द्यायची?"

सोर्णमला उत्तर माहीत होते. तालुक्याच्या गावी अळगप्पन नावाचे मिठाईवाले होते, सगळे त्यांना अण्णाच्ची, म्हणजे दादा म्हणत. त्यांची निळी नारळाची बर्फी जत्रेत फार खपायची, पण हल्ली आया विचारू लागल्या होत्या की हा रंग कशाचा, आणि अण्णाच्चींना सांगता येत नव्हते. सोर्णम पहिल्या बसने त्यांच्याकडे गेली. अळगप्पन म्हणाले की या रंगाची बर्फी करून दाखवा, चांगली वाटली तर जत्रेची सगळी निळी बर्फी तुमच्याकडूनच घेईन.

पहिल्यांदा तिने उकळत्या पाकात निळे पाणी घातले. पाक राखेसारखा झाला. दुसऱ्यांदा साखर दाणे धरू नये म्हणून लिंबू पिळले, तर रंगाच्या गुठळ्या होऊन तळाशी बसल्या. मग तिच्या ध्यानात आले की उन्हात कडकडीत वाळलेल्या शेवया रंग कमी देतात. सावलीत, वाऱ्यावर वाळवलेल्या जास्त देतात. म्हणून रोज मला नव्याने शेवया पाडाव्या लागत. इतक्या वेळा की माझा वाकडा कान आणखी वाकला. नऊ वेळा बर्फी फसली. प्रत्येक वेळी इरुळायी फसलेला तुकडा तोंडात टाकून म्हणायची, "गोड आहे. दिसायला मेलेल्या माशासारखी आहे, पण गोड आहे." आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळी सोर्णमच्या आधी तीच हौदावर हजर असायची.

दहाव्या वेळी सोर्णमने पाक आणि खोबरे आधी शिजवून घेतले, चूल विझवली, बोट घालता येईल इतके सारण निवू दिले आणि शेवटी गाळलेला रंग घालून हलक्या हाताने कालवले. थाळीत थापलेली बर्फी आभाळासारखी फिकी निळी दिसत होती. पाचही जणी थाळीभोवती उभ्या होत्या. एकीनेही हात लावला नाही.

अळगप्पनना बर्फी आवडली. जत्रा सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी ते स्वतः मोटारसायकलवरून हौदावर आले. काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवलेली बर्फी दोन दिवसांत पांढरट पडली होती. गिऱ्हाइके शिळी म्हणून परत देत होती.

"अम्मा, रंग तुमचाच राहू द्या," ते म्हणाले. "फक्त चिमूटभर विकतच्या डब्यातला रंग मिसळू. कुणाला कळणार नाही. पाटीवर शेवाळाचाच लिहीन."

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. हो म्हटले तर हौद वाचणार होते.

सोर्णम मग म्हणाली, "अण्णाच्ची, ती पाटी वाचून कुणीतरी आई पोराच्या तोंडात वडी घालेल. ते आम्हाला जमायचं नाही. तुमचं कपाट बदला. काच नको, दिवा नको. झाकणाच्या डब्यात ठेवा. मी रोज पहिल्या बसनं ताजी आणीन, आणि संध्याकाळी उरली तर उचलून नेईन."

"आणि कुणी विचारलं, एवढी फिकी का?"

उत्तर इरुळायीने दिले. "ते मी सांगेन. मला बसवा दुकानात. बोलायला मी कुणाला हटत नाही."

अळगप्पन होकार न देता मोटारसायकल फिरवून निघून गेले. सोर्णम त्या दिवशीही मला घेऊन शेवया पाडायला बसली. तिने एकही घाणा कमी केला नाही. दुसऱ्या सकाळी दोघी डबे घेऊन बसमध्ये चढल्या.

पुढचे मी त्यांच्याच बोलण्यातून ऐकले. अळगप्पननी तोंड वाकडे करून का होईना, दाराशी एक बाकडे मोकळे करून दिले. इरुळायी आखडलेल्या हातात डबा धरून बसली. कुणी रंग फिका म्हटले की ती सांगायची, गडद हवा असेल तर शेजारी जा, पण तिथे रंग कशाचा ते विचारून या. पहिल्या दिवशी अर्धे डबे परत आले. दुसऱ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी दुपारीच बर्फी संपली आणि अळगप्पननी निरोप धाडला की उद्या दुप्पट आणा. जत्रा उठल्यावर पंचायतीची माणसे जागा बघायला आली तेव्हा चारही हौद भरलेले होते आणि पाचवा खणायला घेतला होता. कारखान्यात कुणीच परत गेले नाही.

माझे म्हणाल, तर खाद्यपदार्थांच्या परवान्यासाठी तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले आणि पितळ या कामाला चालणार नाही, स्टील आणा, असे सांगितले. त्यांचे बरोबर होते. माझ्या जागी स्टीलचे यंत्र आले. ते एका तासात माझे दिवसाचे काम करते. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. भंगारवाला मला न्यायला आला तेव्हा मोडीत द्या म्हणणारी इरुळायीच दारात आडवी उभी राहिली. "यानं पोटातलं दाखवलं नसतं, तर मी आज काड्या भरत बसले असते," एवढेच तिने त्याला सांगितले.

मित्रांनो, माझे एक ऐका. काही चांगल्या गोष्टी नाजूक असतात. त्यांना फार ऊन सोसत नाही, फार आच सोसत नाही, आणि त्या झगमगतही नाहीत. त्या फिक्या दिसल्या तर त्यात भडक काही मिसळू नका. त्यांना सावली द्या, रोज ताजे कष्ट द्या. त्या टिकतील, आणि तुम्हाला त्यांच्यासाठी कुणापुढे खोटे बोलावे लागणार नाही.