खडकातलं अर्थिंग

निवृत्त वायरमनचा कोणावरच विश्वास नव्हता, डॉक्टरांवर तर मुळीच नव्हता. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती फोडल्यावर माणसाला एवढं कळतं, की कारागीर एका कामाला तीन भोकं पाडायला लागला म्हणजे त्याचं काहीतरी चुकलेलं असतं.

टेबलावर तो जागाच होता. भूल फक्त खांद्यापुरती. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात हृदयाचा एक भाग मेला होता आणि उरलेलं दमून ढिलं पडलं होतं. दोन्ही बाजू एकदम आकसाव्यात म्हणून पेसमेकरची एक तार शिरेतून डाव्या बाजूला न्यायची होती. "दीड तासाचं काम," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "अहो, आत कोणाची उलटतपासणी घेऊ नका," असं बायकोनं बजावलं होतं. आता अडीच तास होत आले होते.

"इथेही नको. काढते," पडद्याकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. ही दुसरी वेळ.

वायरमनच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी शिकाऊ दिसतेय. माझ्यावर हात साफ करून घेतेय.

तिसऱ्या जागी तार बसली. "करंट वाढवून बघते. पोटात काही उडतंय का? उडत असेल तर ही जागाही बदलावी लागेल."

उडत होतं. बरगडीखाली, उचकीसारखं, दर ठोक्याला. पण हो म्हटलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"नाही," तो म्हणाला.

"सुटले!" यंत्रापाशी बसलेल्या टेक्निशियनला डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिली जागा सोपी होती रे, पण तिथे नुसता व्रण. मेलेल्या स्नायूत तार बसवून काय उपयोग? करंट पुढे जातच नाही."

 वायरमनलाही एकदा असाच खडक लागला होता, एका घराचं अर्थिंग करताना, हातभर खाली. गळका करंट जमिनीत मुरेल अशी ओली माती शोधायची तर दुसरा खड्डा खणावा लागला असता. त्यानं सळई तिथेच ठोकली, वरून माती लोटली आणि कागदावर सही केली. पुढे त्या घरातल्या बाईंना वॉशिंग मशीनचा शॉक बसला. वाचल्या, पण उजवा हात कामातून गेला. त्याला कोणी बोल लावला नाही, कारण खणून कोणी बघितलंच नाही. ती लाज त्याला आजही बोचायची.

"डॉक्टर, मी खोटं बोललो. उडतंय."

टेक्निशियननं कपाळाला हात लावला. डॉक्टरबाईंनी तार मागे ओढली आणि चौथी जागा शोधायला घेतली.

"खोटं का बोललात हो?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्हीही माझ्यासारख्याच असाल."