खाली बसलेली गाडी

शहाण्णव साली गुणाजीने जुनी मारुती घेतली आणि महिन्याभरात कोणाकडून तरी तिच्या स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत खाली आणली. कोपरी गावातली पोरं म्हणाली, काका स्टाइलमध्ये आले. त्याच्या बायकोला, मंजुळाला, खरं कारण माहीत होतं. जन्म खाडीत घालवलेला माणूस तो. भरलेली होडी पाण्यात खाली बसते आणि डोलत नाही, तशी गाडीही डोलणार नाही, हा त्याचा हिशेब. लेक नीलाला आठवा लागलेला. डोंबिवलीहून तिला बाळंतपणाला आणायची होती, वाटेत तिला हिसके नकोत.

गाडी मात्र डावीकडे ओढायची. गुणाजी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायचा. "सवय होते गो," म्हणायचा.

तिला आणायच्या दिवशी तो नीलासाठी अबोलीची वेणी आणायला गेला, तेव्हा मंजुळा गाडीपाशी वाकली. बाहेरून टायर काळेभोर, खाचा शाबूत. पण मासळीवाली वरच्या चकाकीला भुलत नाही, कल्ला उचलून बघते. तिने चाकाच्या आतल्या अंगाला हात घातला. रबर गुळगुळीत. मग बोटाला काहीतरी टोचलं. टायरमधली तार.

तिने कोपऱ्यावरच्या गॅरेजातून भगवानला ओढून आणलं.

"गाडी खाली आणली की चाकांचा कोन बदलतो, मावशी," तो उकिडवा बसून म्हणाला. "हे बघा, वरून आत कललीत, पुढून फाकलीत. चाक फिरतं कमी, घासतं जास्त, तेही आतल्या कडेवर. नंतर अलाइनमेंट करून घ्यायचं असतं. केलं नाही ना?"

गुणाजी मागे येऊन उभा होता. "हळू चालवीन."

मंजुळाने रक्ताळलेलं बोट वर केलं. "माझी पोर यात बसणार नाही."

"गेल्या मंगळवारी डोंबिवलीला जाऊन तिला डॉक्टरकडे यातनंच नेलं," तो भगवानला म्हणाला. "टायर तेव्हा पण असाच होता?"

"तार एका आठवड्यात नाही दिसत, काका."

गुणाजी पायरीवर बसला. वेणी गुंडाळलेलं पान हातातून सोडीना.

"टॅक्सीने जा तू," शेवटी म्हणाला. "वेणी तूच माळ तिला."

"आणि तिने विचारलं, बाबा कुठेत, तर? उठा. पुढे बसा."

टॅक्सी सरळ चालली होती. मागे बसलेल्या मंजुळाला दिसलं, त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि आपोआप उजवीकडे दाबत होते.