पंप चांगला होता

मित्रांनो, मी एक म्हातारा मायक्रोफोन. डोक्यावरची स्पंजाची टोपी झडली आहे आणि वायरीला चिकटपट्टीचे वेढे आहेत. आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलं, आज थोडं बोलतो.

कारखान्यातून निघालो तो थेट नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्गो प्रुइटच्या पिशवीत आलो. मार्गो रेडिओसाठी माहितीपट करायची. माझे तिने फार लाड केले. स्वतः भिजायची, पण मला कोटाखाली घ्यायची. आमच्या कामाला बक्षिसं मिळाली, तेव्हा मीही मनात फुगलो. बहुतेक कार्यक्रम काळ्या लोकांच्या दुःखाचे असत. मार्गो गोरी, मनाने निर्मळ. पण मला कायम काळ्या माणसांपुढेच धरलं जाई. जणू गोरे त्या गोष्टीत नव्हतेच.

एकदा ती आपल्याच गावच्या पोहण्याच्या तलावाची गोष्ट करायला निघाली. चाळीस वर्षांपूर्वी तिथे फक्त गोऱ्यांनाच पोहता येई. कोर्टाने तलाव सगळ्यांना खुला करायला सांगितलं आणि त्याच उन्हाळ्यात तो मातीने बुजला. पंप बिघडला म्हणून बुजवला, असं गोऱ्यांच्या घरोघरी सांगत. आम्ही ओडेसा गेन्स यांच्याकडे गेलो. काळ्या मुलांच्या शाळेतल्या या जुन्या शिक्षिका सत्तरीपुढच्या होत्या. त्यांनी बर्फ घालून गोड चहा दिला.

"मिस ओडेसा, तलाव बुजला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मार्गोने विचारलं.

"बाळा, मला आत कधी सोडलंच नाही, तर मी काय सांगू? माती टाकली त्यांना विचार की. मरायच्या आधी एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला. रस्ता तुला ठाऊक आहे."

मार्गो ओशाळली. मातीचा ट्रक तिच्या वडिलांच्या घरचाच होता.

वडिलांच्या, म्हणजे हार्लन प्रुइटच्या, स्वयंपाकघरात तिने आधी फ्रिज बंद केला, कारण त्याची घरघर मला ऐकू येते. पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची चावी त्यातच ठेवली. आम्हा रेडिओवाल्यांची ही जुनी युक्ती आहे.

"चावी लोण्याशेजारी? तुम्हा लोकांचं डोकं ठिकाणावर नसतं," हार्लन म्हणाला. मग तलावाचा विषय निघाला आणि तो तडकला. "पंप बिघडला होता. त्या ओडेसाला सांग, जुनी मढी उकरू नकोस म्हणावं."

ओडेसा त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. पण तिकडची रीतच तशी होती. गोऱ्याच्या शेंबड्या पोरालाही काळ्यांनी मिस्टर म्हणायचं, आणि काळ्या आजीला गोऱ्यांनी नुसती नावाने हाक मारायची. मला त्याचा राग येई, पण मी पडलो ऐकणारा.

मुलाखत संपली की आम्ही मिनिटभर खोलीची शांतता टिपतो. पुढे शब्दांचे सांधे जुळवायला ती लागते. मार्गोने ओठांवर बोट ठेवलं. फ्रिजची घरघर नव्हती, आणि हार्लनला त्या शांततेत बसवेना.

"पंप चांगला होता," तो म्हणाला. "मीच बंद केला. माती आमच्या ट्रकने टाकली. मग आमचंही पोहणं संपलं. तुला पोहता येत नाही ना पोरी, ते त्याचमुळे."

मार्गोने मला टेबलावर ठेवलं.

"बाबा, हे रेडिओवर लागलं तर चर्चमध्ये तुमच्याशी कोण बोलेल?"

"नको बोलू देत. पण आधी ओडेसाला ऐकव." तो खाली बघत राहिला. "मिस ओडेसाला."

मिस ओडेसांनी ते ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं बिचाऱ्या पंपाच्या डोक्यावर खापर फोडलं यांनी." मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

आता मी खणात पडून असतो. मार्गो फोनवरच सगळं टिपते. मला कोणी पुसत नाही, याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, ऐकणाऱ्या वस्तूंना जपा. आणि दुसऱ्यांचं दुःख टिपायला निघालात, तर माझ्या एखाद्या धाकट्या भावंडाला आधी आपल्या स्वयंपाकघरात न्या. फ्रिज बंद करा, आणि घाईने उठू नका.